दुसऱ्यांच्या पोथ्या

लीळाचरित्र लिहिणारा म्हाइंभट मुळात महानुभाव पंथाबाहेरचा माणूस. सराळ्याचा शास्त्री, विद्येचा ताठा असलेला. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना वादात हरवायला म्हणून आला आणि त्यांचाच होऊन राहिला. स्वामींनी उत्तरापंथाची वाट धरल्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या देखरेखीखाली त्यानं स्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्याच्यासमोर जे घडलं त्याच्याकडे स्वतः जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. कुणाची आठवण कशी होती, कुणाच्या सांगण्यात काय वेगळं होतं, याच्या नोंदी लीळाचरित्राच्या पोथ्यांमधून आजही सापडतात. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा पायपिटीतून उभा राहिला, आणि तोही आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात. धार्मिक साहित्य जमवण्याचा नाद असलेल्या कुणालाही वऱ्हाडात यापेक्षा मोठा पूर्वज मिळणार नाही. मी तरी त्यालाच मानतो.

माझं घर वारकरी. मी महानुभाव नाही, जैन नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही, बाबासाहेबांचा धम्म घेतलेल्या कुटुंबातलाही नाही. तरी या सगळ्यांचं छापील साहित्य माझ्या अकोल्याच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली आणि पत्र्याच्या पेट्यांत भरलेलं आहे. हयात छापखान्यात गेली. जुळारी म्हणून लागलो, केसमधून खिळे उचलून ओळी बांधता बांधता केस पांढरे झाले, पुढे ऑफसेट आलं तेव्हा प्रुफं वाचू लागलो. गावोगावच्या छोट्या छापखान्यांना लग्नपत्रिका, पावतीबुकं आणि देवाधर्माच्या पुस्तिका यांनीच जगवलं. आठ पानी आरतीसंग्रह, सोळा पानी व्रतकथा, यात्रेतलं पत्रक, प्रवचनाचं निमंत्रण. प्रत्येक कामाची एक प्रत फाईलला लावायची असा छापखान्याचा रिवाज. मी मालकांना विचारून आणखी एक प्रत घरी नेऊ लागलो. त्यातून सुरू झालेला हा नाद अजून सुटलेला नाही.

सुरुवातीला पुस्तिका सुबक छापलेली दिसली म्हणून ठेवत होतो. मग लक्षात आलं की भाविक माणूस ग्रंथ जपतो, पुस्तिका जपत नाही. ज्ञानेश्वरी कपड्यात बांधून देव्हाऱ्यात राहते. तिच्याच सप्ताहाचं पत्रक, ज्यावर गावातल्या कीर्तनकारांची, विणेकऱ्यांची, अन्नदात्यांची नावं असतात, ते काल्याच्या दुसऱ्या दिवशी चिवड्याच्या पुडीला लागतं. गावाचा शंभर वर्षांचा धार्मिक इतिहास लिहायचा तर ते पत्रक ज्ञानेश्वरीच्या प्रतीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण ज्ञानेश्वरी शंभर ठिकाणी मिळते. ते पत्रक कुठेच मिळत नाही.

1975 साली 'जय संतोषी माँ' सिनेमा आला, तेव्हा शुक्रवारच्या व्रताच्या पुस्तिकेला एवढी मागणी होती की ट्रेडल मशीन रात्रीही चालत असे. एकच मजकूर, पण मुखपृष्ठ दर वेळी वेगळं, कारण मिळेल तो ब्लॉक लावला जाई. त्या काळातल्या माझ्याकडच्या प्रती शेजारी शेजारी मांडल्या की एखादी देवी घराघरात कशी पोचते ते डोळ्यांनी दिसतं. तीच गोष्ट साखळी पत्रकांची. अमुक गावी देवळात साप निघाला, त्यानं पुजाऱ्याला दृष्टान्त दिला, हे पत्रक छापून पाचशे वाटा, वाटलं त्याला धन मिळालं, फाडलं त्याचं वाईट झालं. अशी पत्रकं शिकल्यासवरल्या घरांतूनही येत. छापून घेणारा माणूस बहुधा घाबरलेला असे, घरात आजारपण असे, आणि तो पैसे मोजताना पुन्हा पुन्हा विचारी की मजकुरात काही सुटलं तर नाही ना. ही पत्रकं मी कधी वाटली नाहीत, पण एकही फेकली नाही. माणसं कशाला भितात याचा एवढा सरळ पुरावा दुसरा कुठला असणार?

1956 नंतरच्या बुद्धवंदनेच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा आहे. नागपूरच्या 14 ऑक्टोबरच्या दीक्षेनंतर वऱ्हाडातल्या गावोगावच्या वस्त्यांना नव्यानं वंदना शिकायची होती, पाली उच्चार बसवायचे होते. म्हणून या पुस्तिकांत टाइप मोठा, शब्द सुटे तोडलेले. धर्म बदललेल्या समाजानं आपली प्रार्थना अक्षर अक्षर लावून कशी पाठ केली, हे त्या टाइपाच्या आकारावरून कळतं. रमजानमधली सहर-इफ्तारची वेळापत्रकं आहेत, अकोल्याची आणि बाळापूरची. मला उर्दू वाचता येत नाही. ओळखीच्या एका शिक्षकांनी प्रत्येकावर पेन्सिलीनं मराठीत साल आणि गाव लिहून दिलं. मिशनची चार पानी ख्रिस्ती पत्रकं आहेत. गुलाबराव महाराजांच्या ग्रंथांच्या जुन्या प्रती आहेत. माधानचे हे महाराज तान्हेपणीच अंध झाले, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, आणि 1915 साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले तोवर शंभराहून जास्त लहानमोठे ग्रंथ रचून ठेवले होते. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता तर वऱ्हाडात घरोघरी आहे. मी तिच्या आवृत्त्या जमवतो, आणि गुरुकुंज मोझरीहून निघालेल्या भजनांच्या चतकोर आकाराच्या पुस्तिका.

आता जरा कामाचं सांगतो, कारण हे कुणालाही जमण्यासारखं आहे. अशा पुस्तिकांवर साल नसतं. 'आवृत्ती दुसरी, प्रती 2000' एवढंच असतं. मग काळ ठरवायचा कसा?

पहिली खूण किंमत. आणे असतील तर पुस्तिका बहुतेक 1957 च्या आधीची, कारण त्या वर्षी 1 एप्रिलला दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली. दुसरी खूण पत्ता, आणि ही वऱ्हाडात फार उपयोगी पडते. आपला मुलूख एका पिढीत चार राज्यांत राहून आला. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' किंवा 'सी. पी. अँड बेरार' लिहिलेलं 1950 च्या आधीचं. अमरावतीपुढे 'मध्यप्रदेश' असेल तर 1950 ते 1956. 'मुंबई राज्य' असेल तर 1 नोव्हेंबर 1956 ते 1 मे 1960 या साडेतीन वर्षांतलंच. त्यापुढचं महाराष्ट्र. 'उमरावती' असं छापलेलं दिसलं की आणखी मागे जायचं. पत्त्यात पिनकोड असेल तर पुस्तिका 15 ऑगस्ट 1972 च्या आधीची असूच शकत नाही, पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. मुद्रकाचं नाव आणि गाव मात्र जवळजवळ नेहमी सापडतं. ते छापखान्याच्या हौसेनं आलेलं नाही, 1867 च्या कायद्यानं ते सक्तीचं होतं. इंग्रजांनी तो कायदा छापणाऱ्यांवर नजर ठेवायला केला, आणि आज त्याच एका ओळीवरून मला कळतं की मूर्तिजापूर, अकोट, अचलपूर अशा गावांत कोणकोणते छापखाने होते. हाती लिहिलेल्या पोथीत हे काम शेवटची चार वाक्यं करतात. कुणी, कुठे, कुणासाठी, कोणत्या शकात लिहिलं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून 57 वजा केले की येतो. पोथीचं पहिलं पान सगळे पाहतात, शेवटचं पान आधी पाहावं.

छापील साहित्यावरून हस्तलिखितांकडे वळलो तो कारंज्यामुळे. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण 1998 पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होतं. मूर्तिजापूरला उतरून यवतमाळकडे जाणारी शकुंतला पकडली की ती डुलत डुलत कारंज्याला नेऊन सोडी. दत्तभक्तांसाठी हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. जैनांसाठी ते जुन्या दिगंबर मंदिरांचं आणि त्यांतल्या शास्त्रभांडारांचं गाव. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ, तिन्ही परंपरांची मंदिरं तिथे आहेत. या भांडारांतल्या पोथ्या शतकानुशतकं वेष्टनात बांधून ठेवलेल्या होत्या. बाहेरच्या जगाला त्यांची नीट वार्ता लागली ती विसाव्या शतकात. 1926 साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरहून प्रसिद्ध केली. हे हिरालाल कटनीचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, धर्मानं जैन नव्हेत. त्या जाडजूड सूचीत कारंज्याच्या भांडारांतली नावं पाहून देशभरच्या अभ्यासकांचे डोळे उघडले, कारण त्यात अपभ्रंश भाषेतली अशी काव्यं होती जी कुणी पाहिली नव्हती.

पुढचं काम दुसऱ्या हिरालालांनी केलं. डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे आजच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, संस्कृत शिकवत. त्यांनी 'णायकुमारचरिउ' 1933 साली आणि 'करकंडचरिउ' 1934 साली संपादून प्रसिद्ध केलं. पण कारंजा जैन ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक, दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचं 'जसहरचरिउ', 1931 साली संपादित केलं ते डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी, आणि वैद्य जैन नव्हते. पुढे त्यांनी पुष्पदंताचं महापुराण तीन मोठ्या खंडांत संपादलं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही त्यांचं काम आहे. एका धर्माचा ग्रंथ दुसऱ्या धर्मातला माणूस ओळ न् ओळ तपासून छापतो आणि त्या धर्माचे लोक तो आपला म्हणून हाती घेतात, हे वऱ्हाडातल्या एका गावाच्या पोथ्यांवर झालं आहे. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं.

आणि अमरावतीनं याहून मोठं काम केलं. षट्खंडागम हा दिगंबर जैनांचा सर्वांत जुना आगमग्रंथ मानतात. त्यावर नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी 'धवला' नावाची प्रचंड टीका लिहिली. तिची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला होती, जुन्या कन्नड लिपीत. भाविक लांबून येत, ताडपत्रांचं दर्शन घेत, पण वाचायला ती कुणाला मिळत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांनी खटपट केली तेव्हा नक्कल करण्याचं काम सुरू झालं, आणि ते संपायला पंचवीसेक वर्षं गेली. नकलांच्या नकला बाहेर पडल्या, त्यातली एक कारंज्यालाही आली. शास्त्र छापूच नये असं मानणारेही त्या समाजात होते, त्यांचा विरोध सोसून हिरालाल जैनांनी 1939 साली धवलेचा पहिला खंड अमरावतीतून छापून काढला. पुढे जवळजवळ वीस वर्षांत 16 खंड पुरे झाले.

या खंडांपैकी एक मी प्रथम हातात घेतला तेव्हा मजकुराआधी मी पान पाहिलं. जुळाऱ्याला दुसरं आधी दिसत नाही. वर मोठ्या टाइपात मूळ, प्राकृतात मध्येच संस्कृत, संस्कृतात मध्येच प्राकृत. त्याखाली लहान टाइपात हिंदी अनुवाद. तळाला आणखी बारीक टाइपात टिपा आणि पाठभेद. शिवाय गणित, कारण धवलेत मोठमोठ्या संख्यांचा विचार आहे. हे सगळं हातानं खिळे उचलून जुळवलेलं. एका पानावर तीन-चार केस उघड्या ठेवून काम करावं लागलं असणार, आणि टीप पुढच्या पानावर सरकली की अख्खं पान पुन्हा बांधावं लागलं असणार. संपादकांचं, दात्यांचं नाव ग्रंथावर आहे आणि ते असायलाच हवं. ज्यांनी ते पान बांधलं त्या अमरावतीच्या जुळाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्यातले सगळे जैन असतील हे शक्यच नाही. दुसऱ्यांचं शास्त्र त्यांनी ओळीनं ओळ जुळवलं, एवढं मी त्यांच्या वतीनं इथे लिहून ठेवतो.

जैनांची एक रीत मला फार आवडते. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, ते ग्रंथांची पूजा करतात, पोथ्या बाहेर काढतात, झटकतात, उन्हावाऱ्याला लावतात, नवी वेष्टनं घालतात. षट्खंडागम लिहून पुरा झाला तो हा दिवस, अशी श्रद्धा आहे. वऱ्हाडात पावसाळा तोंडावर आलेला असतो, दमट हवेत कसर लागण्याच्या आत पोथी हवेशीर होते. पूजेच्या निमित्तानं दरवर्षी पुस्तकांची तपासणी करणारा धर्म ग्रंथ का टिकवू शकला, याचं उत्तर या एका सणात आहे. त्या दिवशी मीही माझ्या पेट्या उघडतो. गंजलेल्या टाचण्या काढून सुती दोरा घालतो, वेखंडाचे तुकडे बदलतो. प्लास्टिकच्या पिशव्या वापरत नाही, अकोल्याच्या उन्हाळ्यात त्यात कागद घामेजतो आणि पानं चिकटतात. चिकटपट्टी तर कागदाची वैरीण, दहा वर्षांत पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते.

रिद्धपूरचं दार माझ्यासाठी कारंज्याइतकं लवकर उघडलं नाही, आणि त्याला इतिहास आहे. महानुभावांचा ग्रंथसंभार जेवढा मोठा तेवढाच झाकलेला. चौदाव्या शतकापासून त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी रवळोबासांनी घातली असं मानतात. पुढे सुंदरी, अंकलिपी अशा अनेक झाल्या. अक्षरांची ठरावीक अदलाबदल, काही अक्षरांना नव्याच खुणा. किल्ली माहीत नसेल त्याला पोथी उघडी असून मुकी. आधी धाडीत मूळ लीळाचरित्र हरपलं आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या पाठांतरावरून ते पुन्हा लिहावं लागलं, असं पंथाची परंपरा सांगते. त्यात बाहेरच्यांची कुचेष्टा शतकानुशतकं वाट्याला आली. वेद न मानणारे, काळे कपडे घालणारे, स्त्रियांना आणि सगळ्या जातींना संन्यास देणारे म्हणून त्यांच्याविषयी नाही नाही ते बोललं गेलं. ज्याला एवढं सोसावं लागलं तो आपला ग्रंथ परक्याच्या हाती का देईल?

तरी किल्ली बाहेर आली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 च्या सुमारास सकळ लिपी उलगडून दाखवली. ठाण्याचे वि. ल. भावे, मिठाच्या धंद्यातला माणूस, ज्यांनी 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, त्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या साहित्याला मानाची जागा दिली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमात पोथ्या जमवल्या आणि 1925 साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहिलं. ह. ना. नेन्यांनी नागपुरात लीळाचरित्र छापायला घेतलं. लंडनच्या रेसाइड यांनी 1960 साली महानुभाव ग्रंथांची सूची केली. अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत घेऊन गेल्या. डॉ. वि. भि. कोलते, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, त्यांनी जन्म यात घातला. 1978 साली त्यांचं लीळाचरित्र आलं तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप निघाले. ज्याला आपण ग्रंथ म्हणतो तो दुसऱ्या कुणाचा देव असतो, हे अभ्यासकानं विसरता कामा नये, आणि विसरला तर त्याला आठवण करून देण्याचा हक्क भक्ताला आहे. असं असूनही कोलत्यांच्या कष्टांशिवाय माझ्यासारख्याला हे साहित्य कळलं नसतं, हेही तितकंच खरं.

रिद्धपुरात एका मठात वयोवृद्ध बाबा होते. दंडवत प्रणाम झाले, पाणी झालं. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमाले उपदेश घ्याचा नाई, मंग पोथी कायले पायजे जी?"

मी म्हटलं, "बाबा, घेऊन जाले नाई पायजे. पाह्याची हाय. कोनं लिहिली, कोन्या गावात लिहिली, तेवढं लिहून घेतो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात धुवून या."

तिथे मी शिकलो ते असं. पोथी जमिनीवर ठेवायची नाही. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. वेष्टन ज्या गाठीनं बांधलं होतं त्याच गाठीनं परत बांधायचं. विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, हस्तलिखित पोथी मागायची नाही, विकत घ्यायची नाही, कुणी उदार होऊन देऊ केली तरी आपल्या घरी आणायची नाही. ती मठाची, मंदिराची, त्या घराण्याची. माझ्या घरात आहे ते छापील, नाहीतर माझ्या हातानं उतरवलेलं. बाजारात पोथ्यांची पानं सुटी करून विकणारे मी पाहिले आहेत, रंगीत चित्राचं पान वेगळं, अक्षराचं वेगळं. तसल्या संग्राहकांशी माझं नातं नाही. बाबांनी नंतर मला पंथाच्या छापील पुस्तिका मात्र भरभरून दिल्या, दिनदर्शिका, स्थानपोथ्या, यात्रापत्रकं, पंजाबातल्या जयकृष्णी मंडळींनी छापलेली हिंदी पुस्तकंसुद्धा. आपल्याकडे या पुस्तिका कुणी मागत नाही, असं ते म्हणाले.

अकोल्यापासून जवळच बाळापूर आहे. लोक तिथला किल्ला आणि राजा जयसिंगाची छत्री पाहून येतात. महानुभावांच्या मानाच्या साती ग्रंथांपैकी 'ज्ञानप्रबोध' लिहिणारे विश्वनाथ बाळापूरकर हे नाव ज्या गावाचं आहे ते हेच, हे त्यांना कुणी सांगत नाही. गावच्या शाळेतल्या पोरांना ते कळलं तर आपल्या गावाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलेल.

माझ्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वस्तू शिवलीलामृताची एक साधी, फाटकी छापील प्रत आहे. पूर्णाकाठच्या एका गावात सासऱ्यांच्या मागे त्यांची पेटी मोकळी करताना एका माउलीनं जीर्ण पोथ्या नदीत सोडायला काढल्या होत्या. आपल्याकडे हीच रीत. जुनी पोथी रद्दीत देववत नाही, ठेववत नाही, म्हणून पाण्यात सोडायची. तिनं मला ती प्रत दिली, तिला वाटलं मी वाचीन. आतल्या कोऱ्या पानांवर तीन वेगवेगळ्या हातांनी शाईनं नोंदी आहेत. मुलगी झाली, तिथी. प्लेगात गाव सोडून मळ्यात राहिलो, महिना. बैलजोडी घेतली, किंमत. थोरल्याचं लग्न. कापसाचा भाव. शेवटच्या पानावर एका मुलाचं नाव आणि त्याखाली दोनच तिथ्या, तीन वर्षांच्या अंतरानं. त्या घराण्याचा दुसरा कुठलाही लेखी इतिहास नाही. मी सगळ्या नोंदी उतरवून, टाइप करून, प्रतीसह त्या माउलीच्या नातवाकडे परत नेऊन दिल्या. प्रत त्यानं माझ्याकडेच ठेवायला सांगितली, कागद मात्र चौकटीत लावला.

मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. म्हाइंभटानं जिथे लिहिलं त्या गावाला हे मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. तिथे लीळाचरित्राच्या पोथ्या जपल्या जातील, त्याची मला काळजी नाही. माझं मागणं लहान आहे. विद्यापीठानं एक खोली वऱ्हाडातल्या धार्मिक पत्रकांसाठी आणि पुस्तिकांसाठी द्यावी, सगळ्या धर्मांच्या, सगळ्या पंथांच्या, चार आण्याच्या आणि फुकट वाटलेल्या. माझा संग्रह मी तिथे द्यायला तयार आहे, अट एकच, कुठल्याही पंथाचं काही वगळू नये.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरातली जुनी पोथी पाण्यात सोडायची असेल तर खुशाल सोडा, ती तुमची श्रद्धा आहे. पण त्याआधी पहिलं पान, शेवटचं पान आणि हातानं काही लिहिलेलं असेल ते प्रत्येक पान मोबाइलनं टिपून घ्या, मागे गावाचं आणि घराण्याचं नाव लिहा, आणि गावच्या वाचनालयात एक प्रत द्या. येत्या श्रुतपंचमीच्या आत केलंत तर पावसाळ्याआधी होऊन जाईल.